एक्झॉस्टची दोरी तुटली तेव्हा: दादरच्या एका बाथरूमचं प्रकरण

दादरच्या हिंदू कॉलनीतली जुनी तीन मजली इमारत, वरच्या मजल्यावरचं घर. राहणारे दोघंच, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांच्या बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनच्या स्विचची दोरी तुटली, आणि तुटली ती पंखा चालू असताना. छताला लावलेल्या पांढऱ्या डबीतून दोरीचं बोटभर टोक तेवढं लोंबत राहिलं. काकांचा हात तिथवर पोचेना. पंखा बंद करायचा तर पॅसेजमधल्या बोर्डावरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडावा लागे, आणि त्याच एमसीबीवर बाथरूमचा दिवा, पॅसेजचा दिवा आणि फ्रिजचा पॉइंट. फ्रिज बंद ठेवून चालणार नाही, म्हणून पंखा रात्रंदिवस फिरत ठेवलेला. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "दोरी बदलून द्या, नायलॉनची नवी आणून ठेवलीय."

मुंबईत असा स्विच क्वचित बघायला मिळतो. आपल्याकडे बाथरूमचा बोर्ड दाराबाहेर असतो. आत आलाच तर गीझरचा पॉइंट येतो. छताचा दोरीवाला स्विच ही ब्रिटनमधल्या घरांतली वस्तू. ओल्या माणसाचा हात पोचेल अशा जागी भिंतीवरचा नेहमीचा स्विच तिथल्या वायरिंगच्या नियमांना चालत नाही. त्यामुळे स्विच वर छताला आणि हाताशी फक्त दोरी, जिच्यातून वीज येत नाही. या घरात ती आली ती काकांच्या पुतण्यामुळे. तो इंग्लंडला असतो. बाथरूमचं नवं काम निघालं तेव्हा त्याने चार इंची पंखा आणि हा स्विच सामानातून आणला होता. टाइल्स थेट माळ्यापर्यंत लावून झाल्या होत्या, भिंत फोडायची कोणाची तयारी नव्हती. मुंबईच्या जुन्या घरांत असतो तसा या बाथरूमवरही माळा आहे. वायर माळ्यावरून आणून स्लॅबला भोक पाडून खाली सोडली आणि स्विच त्या भोकाखाली बसवला. त्या परिस्थितीत निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

दोरी बदलण्याचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे. डबीचं झाकण फिरवून काढायचं, आतल्या गाठीला नवी दोरी बांधायची, झाकण लावायचं. अनेक जण तेवढंच करून पैसे घेतात. पण दोरी झिजते कशाने, हे न बघता नवी बांधली तर तीही त्याच जागी झिजणार. इथे दोरी तुटली होती ती डबीच्या तोंडाशी, एका बाजूचे धागे पिंजून. म्हणजे ती सरळ खाली ओढली जात नव्हती, तिरकी ओढली जात होती. कारण उंबऱ्यावर उभं राहून बघितलं की लगेच कळतं. स्विच बाथरूमच्या मधोमध आणि लादी कायम ओली. तेव्हा दोघंही उंबऱ्यावरूनच हात लांब करून दोरी स्वतःकडे खेचत. प्लास्टिकच्या कडेवर दोरी रोज घासली जात होती.

मेन बंद करून डबी उघडली. एमसीबी नाही, मेन. सिंगल पोल एमसीबी फक्त एकच वायर तोडतो. ती फेजचीच, म्हणजे वीज आणणारीच, असेल याचा जुन्या इमारतीत भरवसा नसतो, कारण खाली मीटर रूममध्ये केव्हातरी काम झालेलं असतं आणि दोन वायरी उलट लागलेल्या असू शकतात. मेनचा स्विच दोन्ही तोडतो. तोडल्यावर टेस्टर लावून बघायचं, आणि बघण्याआधी तोच टेस्टर चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करायची. मेलेला टेस्टर सगळ्याच वायरी मेलेल्या दाखवतो.

डबी बाहेरून इंग्लंडची होती, आतला माल मात्र वेगळाच निघाला. दोरीच्या स्विचमध्ये एक प्लास्टिकची तरफ असते, तिच्याखाली स्प्रिंग आणि दातेरी चाक. बॉलपेनच्या बटणासारखं ते काम करतं: एकदा ओढलं की चाक एक घर पुढे जाऊन संपर्क जुळतो, पुन्हा ओढलं की सुटतो. इथे ती यंत्रणाच नव्हती. मूळ स्विच केव्हातरी गेला असावा आणि कुणीतरी त्याच्या रिकाम्या डबीत भिंतीच्या पंख्याचा खटका बसवला होता. भिंतीच्या पंख्याला दोन दोऱ्या लोंबतात ना, एक स्पीडची, एक मान फिरवायची. त्यांतला स्पीडच्या दोरीला असतो तसल्या जातीचा छोटा खटका. वर तीन अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं. त्याच्या वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली, टेप सुटून चिकट झालेली. पितळी टोकांवर हिरवा थर. आणि खटक्यातून बाहेर येणारी मण्यांची धातूची साखळी, तिला गाठ मारून दोरी.

यात करंटची अडचण नव्हती. पंखा २८ वॅटचा. २३० व्होल्टवर तो जेमतेम ०.१२ अँपिअर खेचतो. तीन अँपिअरच्या खटक्याला ते काहीच नाही. पण तो खटका पंख्याच्या बंद पोटात राहण्यासाठी केलेला असतो. गरम पाण्याच्या वाफेच्या वर, उघड्या भोकाखाली, पावसाळ्यात मुंबईची हवा आधीच ओलीचिंब असताना, त्याची टोकं टिकत नाहीत. आणि साखळी धातूची. आतली एखादी वायर सुटून साखळीला टेकली असती, तर पुढची सुरक्षा फक्त त्या दोरीवर होती. कोरडी दोरी वीज नेत नाही. ओल्या हाताने रोज धरलेल्या साबणाळ दोरीबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. मूळ स्विचमध्ये या जागी प्लास्टिकचा दुवा असतो, तो शोभेसाठी नसतो.

इथवरचं काम नव्या स्विचवर मिटलं असतं. पण पंख्याचं कव्हरही उघडून बघावंसं वाटलं, कारण काकूंनी बोलता बोलता सांगितलं की पंख्याची जाळी त्या दर महिन्याला स्टुलावर उभं राहून ओल्या फडक्याने पुसतात. "बंद करूनच पुसते हो, दोरी ओढून."

मेन चालू केली. साखळी पक्कडीने ओढून पंखा थांबवला. आता पंख्याच्या कनेक्टरवर टेस्टर लावला, तर तपकिरी वायरीला पेटला. निळ्या वायरीलाही पेटला. स्विच बंद, पंखा थांबलेला, आणि दोन्ही टोकं जिवंत. गीझरच्या पॉइंटवरून अर्थ घेऊन मल्टिमीटरने मोजलं: तपकिरी ते अर्थ २३०, निळी ते अर्थही जवळपास तेवढंच, आणि तपकिरी ते निळी शून्य. या तीन आकड्यांत सगळं प्रकरण आलं. दोन टोकांमध्ये फरक नाही म्हणून पंखा फिरत नाही. पण फेज सरळ पंख्यात घुसलेली आहे आणि मोटरच्या गुंडाळीतून पलीकडच्या वायरीपर्यंत पोचलेली आहे. स्विच फेजऐवजी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तोडत होता.

स्विच फेजवर असेल तर तो बंद केल्यावर पंख्यापर्यंत काही येत नाही. न्यूट्रलवर असेल तर पंखा थांबतो एवढंच. वापरणाऱ्याला दोन्हींत तसूभर फरक जाणवत नाही, म्हणून असली चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ३२ वा नियम याच विषयाचा होता: न्यूट्रलवर एकटा स्विच किंवा फ्यूज टाकायचा नाही, टाकायचाच तर फेजबरोबर एकदम तुटणारा. त्या नियमांची जागा पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांनी घेतली, तत्त्व तेच राहिलं. तरी मुंबईच्या जुन्या इमारतींत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर किटकॅट फ्यूज (चिनी मातीच्या खाचेत बसणारे जुने फ्यूज) अजून दिसतात. त्यातला न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं आणि लोक बिनधास्त होल्डरमध्ये बोट घालतात.

या पंख्याचं अंग प्लास्टिकचं, त्यामुळे काकूंना आजवर काही झालं नाही. पण जाळी काढली की कनेक्टर हाताच्या अंतरावर, आणि फडकं ओलं. त्यांना हे सांगितलं तेव्हा काका पटकन म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, पुसायला बाई आहे." यावर काकूंनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्याची गरज नाही.

चूक कुठे झाली ते बघायला माळ्यावर चढावं लागलं. पितळेची घंगाळं, पत्र्याच्या ट्रंका, गुंडाळून ठेवलेलं गणपतीचं मखर, आणि या सगळ्यामागे भिंतीला एक चौकोनी बॉक्स. पॅसेजच्या दिव्याच्या सप्लायवरून इथे पंख्यासाठी जोड घेतला होता. बॉक्समधून निघालेल्या दोन्ही वायरी लाल. वायरमनजवळ लाल रंगाचं बंडल शिल्लक असणार, त्याने तेच दोन्हींसाठी वापरलं. आपल्याकडे सिंगल फेजच्या घरात लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. पंख्याच्या वायरी इंग्लंडच्या, म्हणजे तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. आपल्या थ्री फेजमध्ये निळी हीसुद्धा एक फेज असते, तो गोंधळ निराळा. दोन लाल वायरींपैकी कुठली कुठली, हे स्विच बसवणाऱ्याला खालून कळायला मार्गच नव्हता. त्याने एक उचलून स्विचमधून नेली. अर्धी शक्यता बरोबर असण्याची होती, अर्धी नसण्याची.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पंखा कनेक्टरमधून सोडवून नुसत्या वायरी मोजल्या तर बंद वायरीवरही मल्टिमीटर ३०-४० व्होल्ट दाखवू शकतो आणि टेस्टर मंद पेटू शकतो. शेजारून जाणाऱ्या वायरीचा तो परिणाम असतो, त्यात ताकद नसते. अशा वेळी होल्डरला दोन वायरी लावलेला टेस्ट लॅम्प कामी येतो. खोट्या व्होल्टेजवर तो पेटतच नाही. मात्र ज्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (तेवढा करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे तिथे फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला की आरसीसीबी लगेच पडतो. १५ वॅटचा बल्बसुद्धा ६५ मिलिअँपिअर घेतो. मग घरातले विचारतात, तुम्ही काय बिघडवलंत?

आता दोन रस्ते होते. एक, दोरी कायमची काढून पॅसेजच्या बोर्डावर स्विच द्यायचा. माझं मत सुरुवातीला तेच होतं. वायर माळ्यावरून आलेलीच आहे, बाहेरच्या स्विचला वाफ लागत नाही, आणि आंघोळीनंतर पंखा थोडा वेळ चालू ठेवून नंतर आत न जाता बंद करता येतो. काकूंना ते पटलं नाही. तो बोर्ड कपाटाच्या दारामागे येतो. दार लोटल्याशिवाय बटणं दिसत नाहीत. "रात्री अंधारात तिथे चाचपडत बसू? दोरी कशी, हात वर केला की सापडते." घरात राहणाऱ्याच्या हाताची सवय हासुद्धा हिशेबात धरायचा मुद्दा आहे. दोरी ठेवायचं ठरलं, पण जागा बदलून.

स्विच लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात मिळाला. तिथे दोरीचा स्विच मागितला की पहिला माणूस भिंतीच्या पंख्याचा खटकाच पुढे करतो. छताचा, डबीसकट हवा असं सांगावं लागतं. मिळाला तो सहा अँपिअरचा, पण टू-वे, म्हणजे तीन टर्मिनलचा. त्याने बिघडत नाही. कॉमन आणि एक नंबर वापरायचे, दोन नंबर रिकामा ठेवून त्याचा स्क्रू आवळून टाकायचा. कुठलं टर्मिनल कुठलं हे शिडीवर चढून शोधायचं काम नाही. खाली टेबलावर मल्टिमीटर बझरवर ठेवून, दोरी ओढत ओढत ठरवायचं. पुतण्याने टायमरवाला पंखा आणला असता तर प्रकरण वाढलं असतं. त्या पंख्याला स्विचमधून येणाऱ्या फेजशिवाय एक कायमची फेजही लागते, म्हणजे तिसरी वायर. हा साधा होता.

माळ्यावरच्या बॉक्समध्ये दोन लाल वायरींची अदलाबदल केली. स्विचकडे जाणारी वायर आता फेजची. पंख्याच्या टोकालाही तपकिरी-निळी उलट करून घेतली. साध्या मोटरला उलट-सुलट काही कळत नाही, पण पुढे कुणी कव्हर उघडेल तेव्हा रंगावर विश्वास ठेवेल. न्यूट्रलच्या लाल वायरीवर दोन्ही टोकांना काळी टेप चढवली आणि बॉक्सच्या झाकणावर मार्करने 'एक्झॉस्ट' लिहिलं.

स्विच दाराच्या बाजूला सरकवला. उंबऱ्यावर उभ्या माणसाच्या हाताच्या बरोबर वर येईल इतका, म्हणजे दोरी सरळ खाली ओढली जाईल. शॉवरपासूनही तो त्यामुळे लांब गेला. नवं भोक, स्क्रू धरायला नवी गिट्टी, पितळी स्क्रू. दोरीच्या स्विचला प्रत्येक वेळी झटका बसतो आणि तो सगळा डबीच्या बुडावर येतो. बूड हललं की आतल्या वायरी हलतात आणि टर्मिनल ढिले होतात. म्हणून बूड आधी स्लॅबला घट्ट बसवायचं, मग स्विच. स्लॅबचं जुनं भोक सिमेंटने बुजवलं, नव्या भोकात वायरीभोवती सिलिकॉन भरलं, नाहीतर खालची वाफ भोकातून वर जाताना स्विचच्या पोटातून जाते. दोरी काकूंच्या खांद्याच्या उंचीवर कापली, खाली प्लास्टिकचा लटकन. त्यांनी आणलेली नायलॉनची दोरी वापरली नाही. ती जाड होती, तोंडातून जाताना अडकत होती.

मग पुन्हा तेच मोजमाप. स्विच बंद: तपकिरी ते अर्थ शून्य, निळी ते अर्थ शून्य. स्विच चालू: तपकिरीवर २३०, निळीवर नाही.

एक प्रश्न राहिला होता. आधीचा खटका इतका गंजला, तो नुसत्या पावसाळ्याने? पंखा चालू करून जाळीवर टिश्यू पेपर धरला. धड चिकटला नाही. दार उघडलं आणि टिश्यू फट्कन ओढला गेला. बाथरूमच्या नव्या कामात ग्रॅनाइटचा उंबरा बसवला होता आणि दार त्यावर चपखल बसत होतं, खाली फटच नाही. खिडकीची काच कबुतरांमुळे कायमची बंद. आत हवा यायला जागा नसेल तर पंखा बाहेर तरी काय फेकणार? इंग्लंडच्या बांधकाम नियमांत बाथरूमच्या एक्झॉस्टने सेकंदाला किमान १५ लिटर हवा काढावी अशी अट आहे, आणि त्याबरोबरच ७६० मिलिमीटर रुंद दाराखाली १० मिलिमीटर फट ठेवायला सांगितली आहे. पुतण्याने पंखा आणला, फट मात्र तिकडेच राहिली.

हे बाथरूम साधारण सात घनमीटरचं. सेकंदाला १५ लिटर म्हणजे मिनिटाला ९००. सगळी हवा एकदा बदलायला आठेक मिनिटं. आंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालला तर भिंती कोरड्या व्हायला लागतात. फट नसेल तर दिवसभर चालवूनही नाही, आणि इथे तो खरंच दिवसभर चालला होता तरी छताचा कोपरा काळा पडलेला होता. सुताराला बोलावून दार खालून कापून घ्यायला सांगितलं. काका म्हणाले, "अहो, पण झुरळं येतील." झुरळं मोरीतून येतात, दाराखालून नाही, असं त्यांना सांगितलं, त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. शेवटी दाराच्या खालच्या भागात ॲल्युमिनियमची जाळी बसवायची यावर समेट झाला. जाळीने हवेला थोडा अडथळा होतो, म्हणून ती फटीच्या हिशेबापेक्षा मोठी घ्यायला लावली.

आरसीसीबीचं काम अजून बाकी आहे. या घरात एमसीबी आहेत, आरसीसीबी नाही. गीझर आणि एक्झॉस्ट असलेल्या बाथरूमला तो हवाच, हे दोघांनाही मान्य आहे. पण जुन्या वायरिंगवर आरसीसीबी सरळ चढवला की बरेचदा तो टिकतच नाही, कारण कुठलातरी न्यूट्रल जिन्याच्या दिव्याकडून उसना घेतलेला असतो किंवा कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. माळ्यावरच्या त्या बॉक्समध्ये तीन न्यूट्रल एकत्र पिळलेले आहेत आणि त्यातला एक कुठून येतो ते अजून सापडलेलं नाही. तो सापडल्याशिवाय आरसीसीबी विकत आणू नका असं काकांना सांगितलं आहे. शोधायचं काम गणपतीनंतर, मखर खाली उतरलेलं असतानाच करायचं ठरलं आहे. बॉक्सपर्यंत हात तेव्हाच नीट पोचतो.